पाणी घातले म्हणून आम्ल संपत नाही



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हापासून वैशाखातल्या संध्याकाळी इतिहास, समाज, साहित्य, राजकारण अशा विषयांवर चार शब्द ऐकावेत असा आपल्याकडे शिरस्ता पडून गेला आहे. त्यात आज रसायनशास्त्राचा विषय, आणि तोही आम्लांचा! तेव्हा "या उकाड्यात तोंड आंबट करायला कशाला बोलावले?" असे कोणाच्या मनात आले, तर त्यात त्याचा दोष नाही. पण आपण राहतो ते गाव कोणते, याचा क्षणभर विचार करा. चेंबूर-माहुल-तुर्भे हा पट्टा म्हणजे मुंबईच्या रसायन-उद्योगाचे स्वयंपाकघर आहे. स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ साली आणि बर्मा-शेलचा १९५५ साली आपल्या शेजारी सुरू झाला. पुढे तुर्भ्याला खतांचा कारखाना आला, आणि १९७८ साली फर्टिलायझर कॉर्पोरेशनच्या पुनर्रचनेतून तो 'राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स' या नावाने उभा राहिला. आम्लांची गाडी ज्यांच्या दारावरून जाते, त्यांना आम्लाचा स्वभाव ठाऊक असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आजचा प्रश्न अगदी लहान आहे. आम्लात पाणी घातले की ते पातळ होते, त्याचा आंबटपणा कमी होतो, हे आपण सगळे जाणतो. कोकमाचे सरबत फार आंबट झाले की त्यात आणखी एक तांब्या पाणी ओतले जाते. पण किती पाणी घातले म्हणजे आंबटपणा किती कमी होतो? सगळ्या आम्लांच्या बाबतीत हिशेब एकच आहे काय? आणि पाणी घातल्याने आम्ल नाहीसे होते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे आपण आज शोधणार आहोत. त्यातल्या तिसऱ्या प्रश्नावर चेंबूरच्या माणसाने विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. आम्ल म्हणजे काय? पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचे धन विद्युत्भार असलेले कण, म्हणजे हायड्रोजन आयन, मोकळे सोडतो, तो आम्ल. लिंबाचा आंबटपणा, चिंचेने तांब्याचे भांडे लखलखीत होणे, शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की तिची झिलई जाणे, ही सारी या एका कणाची करणी आहे. तेव्हा द्रावण किती आम्लधर्मी आहे हे ठरवायचे तर एका लिटरमध्ये हे हायड्रोजन आयन किती आहेत, ते मोजले पाहिजे. मोजण्याचे माप आहे 'मोल'. बाराचा जसा डझन, तसा एका ठरावीक, फार मोठ्या संख्येचा मोल, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता अडचण अशी की हे आकडे फार पसरलेले असतात. एखाद्या द्रावणात लिटरला एक दशांश मोल, तर दुसऱ्यात एक कोट्यंश मोल! एवढी शून्ये लिहिता लिहिता माणूस थकून जावा. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने यावर तोड काढली. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. तिथे किण्वनाचा अभ्यास चाले, आणि त्या कामात आंबटपणा अचूक मोजण्याची पदोपदी गरज पडे. सोरेन्सनने सांगितले की सगळी शून्ये कशाला लिहिता? दहाचा घातांक तेवढा लिहा. एक दशांश मोल असेल तर १, एक शतांश असेल तर २, एक सहस्रांश असेल तर ३. हाच तो 'पीएच', ज्याला आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांनी 'सामू' असे सुटसुटीत नाव दिले आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली.

या मोजपट्टीच्या दोन खोडी लक्षात ठेवा. पहिली अशी की ती उलटी आहे. सामू जितका कमी, तितके आम्ल जास्त. दुसरी खोडी अधिक फसवी आहे. तिची एकेक पायरी दहापटीची आहे. सामू ५ वरून ४ वर आला, असे वाचले की वाटते, एकानेच तर घसरला! पण तो 'एक' म्हणजे दसपट आंबटपणा असतो. वर्तमानपत्रात सामूचा आकडा वाचताना ही दुसरी खोडी विसरली, तर सगळाच अर्थ निसटतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. समजा आपल्याजवळ हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. आपल्या जठरात असते तेच, आणि फरशी धुण्यासाठी बाजारात मिळते तेही तेच. हे 'तीव्र' आम्ल. तीव्र या शब्दाचा रसायनशास्त्रातला अर्थ असा की पाण्यात पडताक्षणी त्याचा प्रत्येक रेणू फुटतो, एकही शिल्लक राहत नाही. लिटरला एक दशांश मोल आम्ल असेल तर हायड्रोजन आयनही तितकेच, म्हणून सामू सुमारे १. त्याचे दहापट पाणी केले की सामू २, शंभरपट केले की ३, हजारपट केले की ४. हिशेब सरळ आहे. दहापटीने पातळ करा, सामू एकाने वाढतो. वाण्याच्या वहीसारखा चोख व्यवहार!

मात्र या वहीलाही शेवटचे पान आहे. एखादा चतुर विद्यार्थी विचारील, "असेच पातळ करत गेलो, आणि लिटरला एक दशकोट्यंश मोल एवढेच आम्ल उरले, तर सामू ८ झाला पाहिजे, म्हणजे आम्लात पाणी घालून घालून अल्कली तयार झाली की!" असे होत नाही. कारण पाणीसुद्धा स्वतः किंचित फुटलेले असते. त्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन असतात, आणि इतक्या पातळ द्रावणात ते आम्लाच्या आयनांहून जास्त भरतात. त्या द्रावणाचा सामू ८ नव्हे, ६.९८ येतो. कितीही पाणी घाला, आम्लाचा सामू ७ च्या जवळ जाईल, पण ७ ओलांडणार नाही. आम्लाचे पाणी होऊ शकेल, पाण्याने त्याची अल्कली होणार नाही.

आता दुसऱ्या जातीची आम्ले पाहू. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल, ताकातले लॅक्टिक, चिंचेतले टार्टारिक, लिंबातले सायट्रिक. ही 'सौम्य' आम्ले. इथे सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नये. सौम्य म्हणजे एवढेच की त्यांचे सगळे रेणू फुटत नाहीत. थोडे फुटतात, बाकीचे अखंड राहतात. लिटरला एक दशांश मोल ॲसेटिक आम्ल घेतले, तर हजार रेणूंपैकी जेमतेम तेरा फुटलेले असतात. म्हणून त्याचा सामू १ येत नाही, सुमारे २.९ येतो.

यात दहापट पाणी घातले तर काय होईल? तीव्र आम्लाचा नियम लावला तर सामू ३.९ व्हायला हवा. प्रत्यक्षात तो ३.४ होतो. शंभरपट पाणी घातले तर ४.९ व्हायला हवा, प्रत्यक्षात ३.९ च होतो. म्हणजे तीव्र आम्लाच्या बाबतीत दहापट पाण्याने एक पायरी चढता येते, तर सौम्य आम्लाच्या बाबतीत जवळजवळ अर्धीच. जणू पाणी घालावे तसे हे आम्ल आतून जोर काढते! आणि खरोखर तसेच घडते. हजारांत फुटलेले रेणू पहिल्या द्रावणात तेरा, दहापट पातळ केल्यावर एकेचाळीस, शंभरपट केल्यावर एकशे चोवीस, हजारपट केल्यावर सुमारे तीनशे चाळीस, आणि दहा हजारपट केल्यावर सातशेच्या वर. शेवटच्या टप्प्याला सौम्य आम्ल सौम्य राहतच नाही. तीव्र आम्लाचा सामू तिथे ५ असतो, तर याचा ५.१५. दोघे जवळजवळ एका पायरीवर येतात.

हे असे का व्हावे? यासाठी आपण मनाने एखाद्या जत्रेत जाऊ. गर्दीत हात धरून हिंडणाऱ्या जोड्या आहेत. कधी कोणाचा हात सुटतो, माणसे पांगतात. थोड्या वेळाने पुन्हा कोणाची तरी गाठ पडते आणि हात धरले जातात. गर्दी दाट असेल तर सुटलेल्याला जोडीदार चटकन भेटतो. पण समजा, तीच माणसे दहापट मोठ्या मैदानात पांगली. हात सुटण्याचे प्रमाण पूर्वीइतकेच राहील, कारण सुटणे हे ज्या त्या जोडीपुरते असते. त्याला मैदानाच्या आकाराशी काही देणेघेणे नाही. परंतु पुन्हा भेटायला दोघे एका ठिकाणी यावे लागतात, आणि मोठ्या मैदानात तो योग दुर्मीळ होतो. परिणाम असा की कोणत्याही क्षणी पाहिले तर सुटी माणसे पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात आढळतील. पाण्याचे मैदान वाढवले की सौम्य आम्लाचे रेणू अधिक प्रमाणात सुटे होतात, ते याच कारणाने. तीव्र आम्लाच्या जत्रेत मुळात जोड्या नाहीतच, सगळेच सुटे. म्हणून तिथे मैदान वाढले की नुसती विरळता वाढते.

हा विचार आज सोपा वाटतो, पण तो पटायला वेळ लागला. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८८४ साली पदवीच्या प्रबंधात, पाण्यात पदार्थ विद्युत्भारित कणांत विभागले जातात, या कल्पनेचा पाया घातला, तेव्हा उप्साला विद्यापीठातल्या परीक्षकांनी त्याला कमी दर्जाची श्रेणी दिली. तेव्हा रिगा येथे असलेल्या विल्हेल्म ऑस्टवाल्डने मात्र त्या प्रबंधाचे मोल ओळखले. त्याने निरनिराळ्या आम्लांची विद्युत्वाहकता मोजून, पातळ करत गेल्यास सौम्य आम्लाचा किती हिस्सा फुटतो, याचा नियम १८८८ साली मांडला. तोच ऑस्टवाल्डचा विरलतेचा नियम. अऱ्हेनियसला १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि ऑस्टवाल्डला १९०९ साली, म्हणजे सोरेन्सनने सामूची मोजपट्टी दिली त्याच वर्षी.

येथे एक गोंधळ निपटून टाकणे अवश्य आहे. तीव्र आणि सौम्य ही आम्लाची जात. संहत आणि विरल ही त्याची अवस्था. जात बदलत नाही, अवस्था पाण्याने बदलते. विरल केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र जातीचेच असते, आणि बाटलीतले संहत ॲसेटिक आम्ल सौम्य जातीचे असूनही कातडी पोळते. "हे सौम्य आम्ल आहे, याला काय भ्यायचे!" असे म्हणणारा मनुष्य शब्दाला फसलेला असतो.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. सामू आपल्याला काय सांगतो? या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन किती, एवढेच. द्रावणात आम्ल एकूण किती आहे, हे तो सांगत नाही. दोन दुकाने कल्पा. एका दुकानदाराचा सगळा माल फळीवर मांडलेला आहे. मागे कोठार नाही. दुसऱ्याने फळीवर चार वस्तू ठेवल्या आहेत, आणि मागच्या कोठारात पोतीच्या पोती भरलेली आहेत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही फळ्या सारख्याच दिसतील. पहिल्याची फळी रिकामी केली की दुकान संपले. दुसऱ्याची फळी जितकी रिकामी कराल, तितका कोठारातून नवा माल बाहेर येईल. तीव्र आम्ल हा पहिला दुकानदार, सौम्य आम्ल हा दुसरा. सामू म्हणजे फळीची मोजणी. कोठाराची मोजणी वेगळी करावी लागते.

आपल्या घरातल्या बायकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, फक्त त्यांनी त्याला सूत्र जोडले नाही. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. ताकात पाणी घालून मठ्ठा केला, तरी कोणी शहाणी बाई तो तसल्या भांड्यात ठेवणार नाही. पातळ केल्याने ताकाचा सामू फारसा चढत नाही, आणि धातूवर जेवढे आम्ल खर्ची पडते तेवढे कोठारातून भरून निघते. जिभेचीही तीच गोष्ट. सारख्याच सामूचे व्हिनेगर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची तुलना केली असता व्हिनेगर अधिक आंबट लागते, असे चवीच्या अभ्यासकांना आढळले आहे. लाळ आम्लाला मारू लागते, तसतसा सौम्य आम्लाचा साठा पुढे येत राहतो. फळीबरोबर कोठाराचीही थोडी दाद जीभ घेते. पण कोणतेही आम्ल चाखून पाहण्याचा प्रयोग कोणी करू नये, हे वेगळे सांगायला नको.

हा सारा हिशेब चेंबूरला आणून लावू. समजा, दोन कारखान्यांचे सांडपाणी आहे. दोन्हींचा सामू ३. पहिल्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, दुसऱ्यात ॲसेटिक. सांडपाणी बाहेर सोडताना सामू ५.५ ते ९ यांच्या दरम्यान असावा, अशी आपल्या देशाच्या पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा आहे. कोणी म्हणाले, "नळ सोडा, पाणी मिसळा, सामू ५.५ वर आणा," तर किती पाणी लागेल? पहिल्या सांडपाण्याला सुमारे तीनशे सोळापट. आणि दुसऱ्याला? सामू तोच, तीनच. पण त्याला लागेल सुमारे साडेपंधरा हजारपट! एका लिटरला पंधरा टँकर नव्हे, तरी टँकरभर पाणी खासच. फळी सारखी दिसली, कोठाराने घात केला.

आणि समजा, एवढे पाणी आणले आणि मिसळले. आम्ल गेले कोठे? ते गेले नाहीच. थेंबन्‌थेंब तिथेच आहे, फक्त जास्त जागेत पसरले आहे. पूर्वी एका पिंपात होते, आता तलावात आहे. आम्ल नाहीसे करायचे तर त्याला अल्कलीशी गाठ घालून दिली पाहिजे. यालाच उदासिनीकरण म्हणतात. त्यात आम्लाचा हायड्रोजन आयन खरोखर संपतो, त्याचे पाणी होते. दोन्ही मार्गांतला फरक आकड्यांत पाहा. लिटरला एक दशांश मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असलेले एक लिटर द्रावण, सामू १. केवळ शुद्ध पाण्याने त्याचा सामू ६ करायचा तर एकूण एक लाख लिटर द्रावण करावे लागेल. आणि चुन्याने? विरी गेलेला चुना पावणेचार ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, पुरेसा आहे. एकीकडे लाख लिटर पाणी, एकीकडे चिमूटभर चुना! ज्या मुंबईत उन्हाळा आला की पाण्याच्या कपातीच्या वार्ता सुरू होतात, तिथे आम्लावर पाणी ओतणे हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो काय?

सायनच्या अलीकडे आपल्या शेजारच्या वस्तीचे नाव आहे चुनाभट्टी. एके काळी तिथे चुना भाजला जाई, हे नावच सांगते. कोकणपट्टीत शिंपले भाजून चुना करण्याची कला जुनी आहे. ज्या पदार्थाने आपल्या पूर्वजांनी भिंती बांधल्या, तोच पदार्थ आजच्या कारखान्याच्या सांडपाण्यावरचा सगळ्यात स्वस्त उतारा आहे, ही गोष्ट चेंबूरकरांनी कौतुकाने ध्यानात ठेवावी अशीच आहे. मात्र चुना किती घालायचा, हे सामू पाहून ठरत नाही. वरच्या दोन सांडपाण्यांपैकी पहिल्याच्या लिटरला चाळीस मिलिग्रॅमहूनही कमी चुना लागतो, तर दुसऱ्याला दोन ग्रॅमच्या वर. म्हणून प्रयोगशाळेत नुसता सामू मोजून थांबत नाहीत. थेंब थेंब अल्कली घालून एकूण आम्लता काढतात. तीच कोठाराची मोजणी.

ही दोन्ही जातींची आम्ले एकाच प्रक्रियेत एकत्र आलेली पाहायची असतील, तर फार लांब जायला नको. आपल्या शेजारचे 'सुफला' खत घ्या. खडकातला फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही. पिकाच्या मुळांना तो तसा उपयोगाचा नाही. त्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया करतात. नायट्रिक हे तीव्र आम्ल. ते आपले हायड्रोजन आयन खडकातल्या फॉस्फेटला देऊन टाकते आणि फॉस्फोरिक आम्ल सुटे होते. हे फॉस्फोरिक आम्ल नायट्रिकच्या मानाने सौम्य. त्याच्याजवळ तीन हायड्रोजन असतात, पण ते एकदम न देता पायरीपायरीने देते. मग अमोनिया घालून हा आंबटपणा मारतात, आणि शेतकऱ्याच्या हाती दाणेदार खत येते. तीव्र आम्ल देऊन मोकळे होते, सौम्य आम्ल राखून ठेवते. या दोन स्वभावांवर हा सगळा उद्योग उभा आहे. आम्ल ही केवळ भीतीची वस्तू नव्हे. ते या देशाच्या अन्नाच्या कोठाराचेही एक दार आहे.

आता कोणी म्हणेल, "चुन्याचा खटाटोप कशाला? शेजारी एवढी खाडी आहे, तिच्यापुढे समुद्र आहे. तिथे सोडले की झाले." या युक्तिवादात थोडे तथ्य आहे, आणि त्या थोड्या तथ्यामुळेच तो घातक आहे. समुद्राचे पाणी नुसते पाणी नाही. त्यात बायकार्बोनेटच्या रूपाने अल्कलीचा साठा असतो. मघाच्या सामू १ च्या लिटरभर आम्लाला जिथे लाख लिटर शुद्ध पाणी लागत होते, तिथे त्रेचाळीसएक लिटर समुद्राचे पाणी त्यातला सगळा आयन गिळू शकते. पण कशाच्या बदल्यात? त्या त्रेचाळीस लिटरांतला अल्कलीचा साठा त्यात खर्ची पडतो. पाण्याने आम्ल पातळ केले असे आपल्याला वाटते. वस्तुतः समुद्राने आपल्या गाठीचा चुना मोजून दिलेला असतो. आणि ज्यांचे कवचच चुन्याचे, त्या कालवांनी, तिसऱ्यांनी, शिंपल्यांनी त्या पाण्यात काय करावे? माहुलच्या आणि तुर्भ्याच्या कोळी बांधवांचा संसार ज्या खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या चालला, ज्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, त्या खाडीला आपण कोठवर कर्जदार करणार? खाडी म्हणजे खोल समुद्र नव्हे. भरतीला पाणी चढते, ओहोटीला उतरते, आणि सोडलेले पाणी तिथेच बराच वेळ घोटाळत राहते.

खुद्द महासागराचाही हा हिशेब आता चुकू लागला आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला मोठा वाटा समुद्रात विरघळतो आणि कार्बोनिक आम्ल तयार होते. हे अगदी सौम्य आम्ल, सोडावॉटरमधले. पण औद्योगिक युगाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. एक दशांशाचा फरक! पण मोजपट्टीची दुसरी खोडी आठवा; हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून अधिक वाढले, असा त्याचा अर्थ आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या पाण्याच्या साठ्यालाही सौम्य आम्ल पचवता आलेले नाही.

पावसाचीही हीच कथा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचाही सामू ७ नसतो, सुमारे ५.६ असतो. कारखान्यांच्या धुरातून गंधकाची आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिसळली की सल्फ्यूरिक आणि नायट्रिक ही तीव्र आम्ले तयार होतात आणि सामू आणखी खाली येतो. रॉबर्ट अँगस स्मिथने मँचेस्टरच्या परिसरातल्या अभ्यासावरून १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात याला 'आम्लाचा पाऊस' म्हटले. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी पाऊस तितका आम्लधर्मी होत नाही, कारण हवेतली चुनखडीयुक्त धूळ त्याला वाटेतच मारते. चेंबूरसारख्या कारखानदारी भागात मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लधर्मी पाऊस पडल्याच्या नोंदी झालेल्या आहेत. एवढ्या मोठ्या आकाशात, एवढ्या प्रचंड पाण्यातही आम्ल आपली ओळख विसरत नाही, हे त्यावरून दिसते.

आता घरगुती उपयोगाचे चार शब्द सांगून आवरते घेतो. आम्ल पातळ करायचेच झाले तर नेहमी पाण्यात आम्ल, हळूहळू, ढवळत घालावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. सल्फ्यूरिक आम्लाच्या बाबतीत तर इतकी उष्णता निघते की वरचे पाणी उकळून आम्लाचे शिंतोडे तोंडावर उडतात. अंगावर आम्ल उडाले तर मात्र चुना किंवा सोडा शोधत बसू नये. उदासिनीकरणातही उष्णता निघते, आणि ती कातडीला सोसत नाही. तिथे भरपूर वाहते पाणी हाच पहिला उपचार, आणि मग डॉक्टर. वाहते पाणी नुसते पातळ करत नाही, आम्ल धुऊन दूर नेते; म्हणून बादलीत हात बुडवण्यापेक्षा नळाखाली धरावा. संडास धुण्याचे आम्ल आणि कपड्यांचे ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि रस्त्यावर आम्लाचा टँकर कलंडलेला दिसला, तर बादल्या घेऊन धावू नका. दूर व्हा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जा, आणि अग्निशामक दलाला कळवा. कोणत्या आम्लावर काय टाकायचे, हे त्यांना ठाऊक असते.

बंधुभगिनींनो, आरंभी मी तीन प्रश्न मांडले होते. दहापट पाणी घातले की तीव्र आम्लाचा सामू एकाने वाढतो, हे पहिल्याचे उत्तर. सौम्य आम्लाचा मात्र साधारण अर्ध्यानेच वाढतो, कारण ते पातळ होता होता अधिक फुटते, हे दुसऱ्याचे. आणि पाण्याने आम्ल पसरते, संपत नाही, हे तिसऱ्याचे.

हे तिसरे उत्तर केवळ परीक्षेपुरते ठेवू नका. उद्या आपल्या नाल्याच्या, खाडीच्या पाण्याचा सामू ठीक आहे, असे कोणी सांगितले, तर समाधान मानायला हरकत नाही. पण त्याआधी नागरिक म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. आम्ल कोणत्या जातीचे होते? एकूण किती होते? आणि सामू वर आला तो चुना घालून, की नळ सोडून? हे विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. आजच्या एका तासाने एवढे तीन प्रश्न आपल्या पदरात पडले असतील, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.